भोक पडलं सर्व्हरला, धावले टाके घालणारे!

ना बाँब, ना व्हायरस, ना पासवर्डची चोरी. सरळ नियमात बसणारी एक मागणी... आणि तेवढ्यानं जगातल्या निम्म्याहून अधिक वेबसाइट्सना धाप लागण्याची वेळ आली होती. २०११ च्या ऑगस्टमध्ये घडलेल्या एका विलक्षण दुरुस्तीची ही गोष्ट.

दहावीचा निकाल लागण्याचा दिवस. दुपारचा एक वाजलेला. लाखो घरांत एकाच वेळी एकच वेबसाइट उघडली जाते आणि पडद्यावरचं ते गोल चाक फिरत राहतं, फिरतच राहतं. आई देवापुढे, बाबा कॉम्प्युटरपुढे आणि मुलगा-मुलगी दोघांच्या मध्ये कुठेतरी! तासाभरानं गर्दी ओसरते, निकाल दिसतो, पेढे वाटले जातात.

हे झालं खऱ्याखुऱ्या गर्दीचं. एका खिडकीपुढे हजार माणसं आली तर खिडकी तुंबणारच. त्यात कुणाचं कपट नसतं. पण कल्पना करा, रांगेत एकच माणूस उभा आहे, तरीही खिडकी तुंबली आहे. आतला कारकून घामाघूम झालाय, टेबलावर कागदांचा डोंगर साचलाय आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला एकच उत्तर मिळतंय... आज काम होणार नाही!

कॉम्प्युटरच्या जगात या प्रकाराला ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’ म्हणतात. सेवाच नाकारली जाणं. यात चोर घरात शिरत नाही, तिजोरी फोडत नाही, काही पळवतही नाही. तो फक्त दार अडवून बसतो. वाटायला किरकोळ वाटतं, पण दार बँकेचं असेल तर? रेल्वेच्या आरक्षणाचं असेल तर? हॉस्पिटलचं असेल तर?

रामलीला मैदान आणि दुसरं एक मैदान

ऑगस्ट २०११ चा तिसरा आठवडा संपत होता. भारतात घराघरांत टीव्हीपुढे ठिय्या होता. दिल्लीच्या रामलीला मैदानावर अण्णा हजारेंचं उपोषण सुरू होतं आणि महाराष्ट्रात गणपतीची आरास कुठवर आली, याची चौकशी चालू होती. नेमक्या त्याच शनिवार-रविवारी इंटरनेटच्या मैदानावर वेगळीच ठिणगी पडली.

सुरक्षा क्षेत्रात टोपणनावानं वावरणाऱ्या एका जाणकारानं एक छोटासा प्रोग्राम जाहीर करून टाकला. पर्ल नावाच्या भाषेत लिहिलेला, जेमतेम पान-दीड पानाचा. पण त्याचा प्रताप मोठा होता. घरगुती कॉम्प्युटरवरून हा प्रोग्राम एखाद्या वेबसाइटवर सोडला, की काही क्षणांत त्या वेबसाइटच्या सर्व्हरची मेमरी भरत जायची, भरत जायची आणि अखेर यंत्र मान टाकायचं. त्याचं नाव... ‘अपाचे किलर’.

कारण त्याचा नेम होता ‘अपाचे’ या सॉफ्टवेअरवर.

सर्वसामान्य माणसाला अपाचे हे नाव ठाऊक असण्याचं कारण नाही. पण त्याची सेवा त्यानं नक्की घेतलेली असते. आपण वेबसाइटचा पत्ता टाइप केला, की दूरवरच्या कॉम्प्युटरवर बसलेला एक प्रोग्राम ती मागणी वाचतो, हवं ते पान शोधतो आणि पाठवून देतो. त्याला म्हणतात वेब सर्व्हर. दुकानातला काउंटरवरचा माणूसच म्हणा ना! २०११ मध्ये जगातल्या ६० टक्क्यांहून अधिक वेबसाइट्सच्या काउंटरवर अपाचे बसलेला होता. सरकारी कचेऱ्या, विद्यापीठं, वर्तमानपत्रं, गल्लीतल्या ट्रॅव्हल एजंटचं एका पानाचं दुकान... सगळीकडे तोच.

आणि त्या शनिवारी या सगळ्यांच्या काउंटरला एकाच वेळी भोक सापडलं होतं. बुजवायला मात्र कुणाच्याही हातात काही नव्हतं!

ठिगळांतूनच जन्मलेला

गंमत अशी, की अपाचेचा जन्मच मुळी ठिगळांतून झाला.

१९९५ सालची गोष्ट. भारतात त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं होतं. त्याआधी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या संस्थेत रॉब मॅकूल या तरुणानं एक वेब सर्व्हर लिहिला होता. तो फुकट मिळायचा, म्हणून पुष्कळजण वापरायचे. पण १९९४ मध्ये मॅकूल संस्था सोडून गेला आणि प्रोग्राम पोरका झाला. त्यात चुका निघत, त्या दुरुस्त करायला कुणी नव्हतं.

मग वापरणारेच कामाला लागले. प्रत्येकानं आपापल्या सर्व्हरला आपापलं ठिगळ लावलं. संगणकवाले अशा दुरुस्तीला ‘पॅच’ म्हणतात. त्यातल्या आठ जणांनी ठरवलं, की वेगवेगळं शिवत बसण्यापेक्षा सगळी ठिगळं एकत्र करू. ब्रायन बेहलेनडॉर्फ, रॉय फील्डिंग ही त्यांतली ठळक नावं. एप्रिल १९९५ मध्ये ही गोधडी लोकांपुढे आली आणि तिला नाव मिळालं अपाचे. अमेरिकेतल्या अपाचे या मूळनिवासी लोकांबद्दलच्या आदरातून ते निवडलं असं सांगतात. पण इंग्रजीत ‘अ पॅची सर्व्हर’, म्हणजे ठिगळांचा सर्व्हर, असाही त्याचा उच्चार होतो. ही कोटी जगभर फिरली ती फिरलीच!

पुढे १९९९ मध्ये ‘अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन’ ही ना-नफा संस्था उभी राहिली. पण कामाची रीत तीच राहिली. वेगवेगळ्या देशांतली माणसं, कुणी नोकरीचा भाग म्हणून, कुणी नोकरी सांभाळून, एकमेकांना पत्रं लिहून हे सॉफ्टवेअर घडवतात. ते फुकट मिळतं. त्याला मालक नाही आणि म्हणूनच रात्री-अपरात्री फोन करून खडसवावं, असा साहेबही नाही.

अशा मंडळींपुढे ऑगस्ट २०११ मध्ये हे संकट उभं ठाकलं.

झेरॉक्सवाल्याची फजिती

हे भोक होतं तरी कसलं? समजून घेण्यासाठी कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात चला.

दुकानदार सज्जन. गिऱ्हाईक म्हणेल ते द्यायचं, हा त्याचा धर्म. एखादी विद्यार्थिनी म्हणते, ‘‘काका, या पुस्तकातली फक्त ५० ते ६० पानं द्या.’’ काका देतात. कुणी म्हणतं, ‘‘पहिली दहा आणि शेवटची दहा.’’ तेही मिळतं. या सोयीत गैर काहीच नाही.

वेब सर्व्हरलाही अशीच सोय दिलेली आहे. फाइलचा अमुक तुकडा द्या, असं ब्राउझर सांगू शकतो. ती आली १९९० च्या दशकात. तेव्हा इंटरनेट म्हणजे टेलिफोनच्या तारेवरचा कारभार! मॉडेमची किरकिर व्हायची, अर्धी फाइल उतरायची आणि तेवढ्यात कुणीतरी घरातला दुसरा फोन उचलायचं. झालं! पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हा जाच टळावा म्हणून ‘उरलेला तुकडाच पाठवा’ असं म्हणण्याची मुभा मिळाली. आजही थांबलेलं डाउनलोड पुढे सुरू होतं किंवा व्हिडिओ मध्येच पुढे सरकवता येतो, तो याच सोयीच्या जोरावर.

आता दुकानात एक खवचट गिऱ्हाईक आलं. ते म्हणालं, ‘‘मला पाचव्या पानापासून सहाव्यापर्यंत एक संच द्या. पाचव्यापासून सातव्यापर्यंत दुसरा संच. पाचव्यापासून आठव्यापर्यंत तिसरा...’’ असं करत करत त्यानं तेराशे संचांची यादी दिली!

दुकानदार सज्जन, म्हणून पंचाईत. ‘‘अहो, तीच तीच पानं किती वेळा मागता?’’ असं विचारायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्यानं बिचाऱ्यानं तेराशे संचांची मांडामांड सुरू केली. टेबल भरलं, खुर्च्या भरल्या, जमीन भरली. शिवाय गिऱ्हाइकानं आधीच सांगून ठेवलं होतं, ‘‘पानं आत्ता नकोत. वर काय लिहिणार तेवढं दाखवा.’’ म्हणजे त्याला काही वाहून न्यायचंही नव्हतं. राबणार फक्त दुकानदार! आणि अशी पन्नास गिऱ्हाइकं त्या खवचट माणसानं एकदम पाठवली होती.

‘अपाचे किलर’ अगदी हेच करत होता. तेराशे अक्षरांच्या एका लहानशा फाइलीचा हिशोब मांडून पाहा. पाचव्या अक्षरापासून सुरू होणारे, एकेक अक्षरानं वाढत जाणारे हे सगळे तुकडे एकापुढे एक ठेवले, तर बेरीज होते जवळपास ८ लाख ४० हजार अक्षरं. मागणीचं पत्र मात्र एखाद्या लहान निबंधाएवढं!

अपाचेच्या आत ही कामं ‘बकेट ब्रिगेड’ पद्धतीनं होतात. गावात आग लागली की विहिरीपासून घरापर्यंत माणसं रांगेनं उभी राहतात आणि बादल्या हातोहात पुढे सरकवतात, तसा हा प्रकार. मजकुराच्या प्रत्येक तुकड्यासाठी एक बादली. रोजच्या कामात ही पद्धत झकास चालते. पण एका मागणीला तेराशे तुकडे आणि अशा पन्नास मागण्या एकदम म्हटल्यावर बादल्या ठेवायला जागाच उरत नव्हती. मेमरी संपायची आणि इतर सगळ्या गिऱ्हाइकांना दार बंद.

लक्षात घ्या, यातली एकही मागणी नियमबाह्य नव्हती. नियमात लिहिलं होतं की तुकडे मागता येतील. किती मागावेत, एकमेकांवर चढणारे मागावेत की नाही, याला स्पष्ट लगामच नव्हता.

साडेचार वर्षांपूर्वीचा इशारा

या कहाणीतला सर्वांत बोचरा भाग पुढेच आहे. हे भोक कुणाला दिसलंच नव्हतं, असं नाही.

जानेवारी २००७ मध्ये मिखाल झालेवस्की या नावाजलेल्या सुरक्षातज्ज्ञानं याच सोयीकडे बोट दाखवलं होतं. एकाच फाइलीचे एकमेकांवर चढणारे असंख्य तुकडे मागितले, तर छोट्याशा मागणीच्या बदल्यात सर्व्हर प्रचंड उत्तर तयार करू लागतो, असं त्यानं जाहीरपणे लिहिलं. अपाचे आणि मायक्रोसॉफ्टचा आयआयएस, दोन्हींचं नाव घेऊन लिहिलं.

पण तेव्हा ती बाब फारशी गंभीर मानली गेली नाही. जो तो आपल्या कामात. घराच्या भिंतीला बारीक चीर दिसते, ‘पावसाळ्याआधी बघू’ म्हणत आपण कॅलेंडर टांगून ती झाकतो, तसंच झालं. साडेचार पावसाळे गेले आणि ऑगस्ट २०११ मध्ये पाणी घरात आलं.

४८ तासांचं वचन

२४ ऑगस्टला अपाचेच्या मंडळींनी अधिकृत इशारा जाहीर केला. या दोषाला क्रमांकही मिळाला... सीव्हीई-२०११-३१९२. जगात सापडणाऱ्या अशा प्रत्येक दोषाला क्रमांक देण्याची पद्धत आहे. रुग्णाच्या केसपेपरसारखीच.

इशाऱ्यात काही लपवलेलं नव्हतं. हल्ल्याचं हत्यार लोकांच्या हातात पडलं आहे, त्याचा वापर होताना दिसतो आहे आणि आमच्याकडे अजून औषध तयार नाही, असं सरळ सांगितलं होतं. पूर्ण दुरुस्ती ४८ तासांत अपेक्षित आहे, असंही म्हटलं होतं.

तोवर काय करायचं? घरगुती उपाय! सर्व्हर सांभाळणाऱ्यांना सांगण्यात आलं, की एका मागणीत पाचाहून जास्त तुकडे मागितलेले दिसले तर तो भाग सरळ कानाआड करा. किंवा मागणीच्या पत्राची लांबीच आखडून टाका. किंवा तुकड्यांची सोय काही दिवस बंदच ठेवा.

पण या घरगुती उपायांनाही पथ्य होतं. पुस्तकं वाचण्याची ई-रीडर यंत्रं, व्हिडिओ दाखवणारे प्रोग्राम प्रामाणिकपणेच बरेच तुकडे मागतात. पाचाच्या वर बंदी घातली की चोराबरोबर संन्याशालाही फाशी! कुणाचं पुस्तक उघडेना, कुणाचा व्हिडिओ चालेना, अशी वेळ येण्याचा धोका होता.

त्यात आणखी एक मागचं दार सापडलं. नव्वदच्या दशकातल्या नेटस्केप नॅव्हिगेटर आणि इंटरनेट एक्स्प्लोररच्या जुन्या आवृत्त्या हीच मागणी जरा वेगळ्या नावानं करत. ते ब्राउझर केव्हाच अडगळीत गेले होते, पण त्यांच्यासाठी ठेवलेलं दार अपाचेत अजून उघडंच होतं. पुढचं दार लावून भागणार नव्हतं, मागचंही लावावं लागणार होतं. २६ ऑगस्टला सुधारित इशारा निघाला. त्यात दुरुस्ती आता २४ तासांत येईल, असं म्हटलं होतं.

पण तो वायदाही हुकला.

उशीर का होत होता? पॅच लिहिणं म्हणजे नुसतं भोक बुजवणं नव्हे. झेरॉक्सवाल्याला ‘यापुढे कुणालाच सुटी पानं द्यायची नाहीत’ असं सांगितलं तर भोक बुजेल, पण दुकान बसेल. प्रामाणिक गिऱ्हाईक कोणतं आणि खवचट कोणतं, हे त्यानं ओळखायचं कसं? नियम काय म्हणतो आणि व्यवहारात लोक काय करतात? प्रत्येक ओळीवर मंडळींची खल-चर्चा चालू होती. आणि घड्याळाचे काटे पुढे सरकत होते. पॅच चुकला असता तर हल्लेखोराला जमलं नसतं ते काम त्या पॅचनंच केलं असतं... जगभरच्या वेबसाइट्स बंद पडल्या असत्या!

गणपतीच्या आदल्या मंगळवारी

२८ ऑगस्टला रामलीला मैदानावरचं उपोषण सुटलं. त्यानंतर दोन दिवसांनी, ३० ऑगस्टला, मंगळवारी अपाचेची २.२.२० ही नवी आवृत्ती बाहेर पडली. गणेश चतुर्थी दोन दिवसांवर होती. विघ्न निदान आवाक्यात आलं होतं!

दहा दिवसांच्या खटपटीनंतर निघालेला तोडगा ऐकला तर कुणीही म्हणेल, एवढंच होय! नियम असा... मागितलेल्या सगळ्या तुकड्यांची बेरीज करा. ती मूळ फाइलीपेक्षा मोठी भरली, तर तुकड्यांची यादी बाजूला ठेवा आणि सरळ पूर्ण फाइल हातात द्या.

झेरॉक्सवाल्याच्या भाषेत सांगायचं तर, ‘‘शंभर पानांच्या पुस्तकातली हजारो पानं मागतोस? हे घे अख्खं पुस्तक आणि हो पुढे!’’ प्रामाणिक गिऱ्हाइकाला याचा त्रास नाही, कारण तो पुस्तकापेक्षा जास्त पानं कशाला मागेल? याखेरीज तुकडे मांडण्याची आतली पद्धतही कमी मेमरी खाईल अशी बदलण्यात आली.

पण घाईत घातलेला टाका कुठेतरी ओढला जातोच. नव्या आवृत्तीत काही साध्या मागण्यांना उत्तर देताना नियमाचं पालन नीट होत नव्हतं. मंडळी पुन्हा बसली. १३ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीनंतर दोन दिवसांनी, २.२.२१ ही आवृत्ती आली. तिनं आधीच्या ठिगळाची शिवण सरळ केली आणि सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या हाती एक लगामही दिला. एका मागणीत जास्तीत जास्त किती तुकडे मान्य करायचे, हे आता ठरवता येऊ लागलं. कुणी काहीच ठरवलं नाही तर मर्यादा २०० ची.

पुढे नियमपुस्तकानंही दखल घेतली. जून २०१४ मध्ये तुकड्यांच्या मागणीचे नियम नव्यानं प्रसिद्ध झाले, तेव्हा एकमेकांवर चढणारे किंवा असंख्य बारीक तुकडे मागणाऱ्यांकडे सर्व्हरनं संशयानं पाहावं, त्यांना नकार द्यावा, अशी मुभा त्यात स्पष्ट लिहिली गेली.

एसटीतला रुमाल आणि उडुप्याची ऑर्डर

हा दोष एकुलता एक होता, असं समजू नका. त्याचं खानदान मोठं आहे.

सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचे सर्व्हर असेच बंद पाडण्यात आले. ती युक्ती एसटीच्या प्रवाशांना लगेच कळेल. गाडी फलाटाला लागली की खिडकीतून रुमाल टाकून सीट धरायची. एका टारगटानं सगळ्या सीटवर रुमाल टाकले आणि स्वतः आलाच नाही! गाडी रिकामी, तरी खरे प्रवासी उभे. कॉम्प्युटरही संभाषण सुरू करताना आधी जागा धरतो आणि समोरच्याची वाट पाहतो. हल्लेखोर खोट्या पत्त्यांवरून नुसते रुमाल टाकत सुटला होता.

त्यावर तोडगा निघाला तो ‘सिन कुकी’ नावाचा. डॅनियल बर्नस्टाइन हे त्यातलं प्रमुख नाव. कंडक्टरनं रुमाल मानायचेच नाहीत. जो विचारेल त्याला हिशोबानं बनवलेला एक टोकन नंबर सांगायचा आणि विसरून जायचं. तोच नंबर बरोबर सांगत माणूस परत आला, तरच सीट द्यायची. खोट्या पत्त्यावरच्या माणसाला नंबर कळतच नाही, मग तो परत येणार कुठून?

आणि अगदी अलीकडचं उदाहरण ऑक्टोबर २०२३ चं. त्याचं नाव ‘रॅपिड रिसेट’. उडुप्याच्या हॉटेलात बसून, ‘‘एक मसाला डोसा... नको, रद्द! एक उत्तप्पा... नको, रद्द!’’ असा धडाका कुणी लावला तर? एका टेबलाला एकाच वेळी ठरावीकच ऑर्डर देता येतील, असा नियम आहे. पण रद्द केलेली ऑर्डर मोजायचीच नाही म्हटल्यावर नियम काय कामाचा? आत भटारखान्यात मात्र प्रत्येक ऑर्डरीला तव्यावर पीठ पडलेलं असतं. वेबच्या एचटीटीपी-२ या नव्या भाषेत नेमकी ही फट होती. गुगलनं परतवलेल्या हल्ल्यात सेकंदाला ३९ कोटी ८० लाख मागण्या येऊन आदळत होत्या. दोन मिनिटांत आलेल्या या मागण्या विकिपीडियावर सबंध सप्टेंबर महिन्यात वाचल्या गेलेल्या लेखांपेक्षा जास्त होत्या, असं गुगलनंच सांगितलं.

या वेळी मात्र एक शहाणपण दिसलं. गुगल, अ‍ॅमेझॉन आणि क्लाउडफ्लेअर या तिघांनी हल्ला ऑगस्टपासूनच पाहिला होता. पण लगेच बोभाटा न करता सर्व्हर बनवणाऱ्यांना विश्वासात घेतलं गेलं आणि १० ऑक्टोबरला सगळ्यांनी एकत्रितपणे दोष जाहीर केला. आधी ठिगळाची तयारी, मग दवंडी! २०११ मध्ये हाच क्रम उलटा झाला होता.

औषध आणलं, पण घेतलंच नाही

पॅच निघाला म्हणजे संकट टळलं, असं मात्र नाही. तो लावावा लागतो. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं, घरच्यांनी आणलं आणि बाटली फडताळातच राहिली, तर ताप उतरेल कसा?

मे २०१७ मधल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रामनं हा धडा जगाला दिला. ज्या दोषाचा त्यानं फायदा घेतला, त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टनं दोन महिने आधी, मार्चमध्येच दिला होता. असंख्य कॉम्प्युटरवर तो लावलाच गेला नव्हता. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या सुमारे एक तृतीयांश संस्थांना इंग्लंडमध्ये त्याचा फटका बसला. ठरलेली ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली, रुग्णवाहिका दुसऱ्या हॉस्पिटलांकडे वळवाव्या लागल्या. कॉम्प्युटरच्या भोकातून गेलेली कळ थेट रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचली.

आपल्याकडेही २००४ पासून ‘सर्ट-इन’ ही सरकारी यंत्रणा अशा दोषांचे इशारे देत असते. एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवणं संस्थांवर बंधनकारक झालं. दुसऱ्याची सेवा मुद्दाम बंद पाडणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे. कलम ४३ आणि ६६ नुसार त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गंमत म्हणून असले प्रोग्राम चालवून पाहणाऱ्या कॉलेजकुमारांनी आणि त्यांच्या आईबाबांनीही हे ध्यानात ठेवलेलं बरं.

घरच्यांनी काय करावं?

सर्व्हर सांभाळणं हे काही गृहिणीचं किंवा निवृत्त आजोबांचं काम नव्हे. पण घरातला मोबाइल, कॉम्प्युटर आणि कोपऱ्यात लुकलुकणारा वाय-फायचा राउटर ही सगळी छोटी यंत्रंच आहेत आणि त्यांनाही ठिगळं लागतात. ‘अपडेट करा’ अशी सूचना आली की ‘उद्या बघू’ म्हणून ती ढकलू नये. पॅच जाहीर झाला, की नेमकं भोक कुठे होतं हे चोरांनाही कळतं. त्यानंतरचा प्रत्येक दिवस त्यांच्या फायद्याचा असतो. मात्र अपडेट घ्यायचं ते यंत्राच्या सेटिंगमधूनच. एसएमएस किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या ‘अपडेट’च्या लिंकला हात लावू नये.

राउटरचा मूळ पासवर्ड बदलावा. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामनं मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर लाखोंच्या संख्येनं ताब्यात घेतले आणि त्यांचीच फौज करून मोठमोठ्या वेबसाइट्सचं दार अडवलं. दिवाणखान्यातलं आपलं यंत्र परक्याच्या फौजेत भरती झालं, तर आपल्याला पत्ताही लागत नाही!

आणि तुमच्या सोसायटीची, शाळेची, पतपेढीची किंवा मंडळाची वेबसाइट असेल, तर पुढच्या सभेत एक प्रश्न जरूर विचारा. ती कुणी बनवली, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तिचं सॉफ्टवेअर शेवटचं अपडेट कुणी केलं आणि कधी? उत्तरादाखल सगळे एकमेकांकडे बघू लागले, तर समजा, कॅलेंडरमागे चीर आहे.

अपाचेची ती २.२ मालिका आता केव्हाच निवृत्त झाली. तिच्या जागी नव्या आवृत्त्या आल्या, त्यांतही दोष सापडतात, त्यांनाही ठिगळं लागतात. कुठल्यातरी देशात, कुठल्यातरी टेबलाशी बसून कुणीतरी ती लावत असतं. त्यांचं काम नीट झालं की बातमी होत नाही. आपलं तिकीट निघतं, बिल भरलं जातं, निकाल दिसतो आणि आपण पुढच्या कामाला लागतो. त्यांच्या कामाची पावती एवढीच!